मेलबर्नचा सॉनिक
सेगा कंपनीने २०१०मध्ये ‘सॉनिक ४’ हा व्हिडिओगेम आणला, तेव्हा जुने खेळाडू कुरकुरले: उतारावरून सुटल्यावर अंगात भरणारा तो वेगच नाही! तो वेग परत आणला मेलबर्नच्या ख्रिश्चन व्हाइटहेडने आणि त्याच्या साथीदारांनी. हौसेखातर सॉनिकचे खेळ नव्याने घडवणाऱ्या या चाहत्यालाच कंपनीने हाताशी धरलं आणि २०१७मध्ये ‘सॉनिक मेनिया’ आला. धावणं, उडी, अंगाचा चेंडू करून घरंगळणं, सगळं जुन्या मापाचं. खेळाडू हरखले, पण एक तक्रार उरलीच: खेळातल्या बारा टापूंपैकी, म्हणजे टप्प्यांपैकी, आठ जुनेच, जरा फिरवलेले. मला ती रास्त वाटते. स्टुडिओपोलिससारखा झगमगता नवा टापू ज्यांना सुचतो, त्यांना पुन्हा ग्रीन हिलसारख्या जुन्या टापूला कशाला जुंपायचं? अर्थात, ग्रीन हिल दिसताच टाळ्या पिटणारेही हेच तक्रारखोर.