माप एकच असावे

परप्रांतीय मजूर गोव्यात वर्षानुवर्षे राहतो, पण कमाई गावी पाठवतो आणि सण आला की तिकडे धावतो. तो इथला कसा होणार, असा सवाल आपल्याकडे सर्रास केला जातो. पेडणे-डिचोलीकरांनी तरी तो करण्याआधी आपलाच इतिहास आठवावा. पेडण्यातल्या मांद्र्यात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईत नावाजले आणि दोनदा तिथले शेरीफ झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला 1975 मध्ये त्यांचे नाव देताना ते मूळचे कुठले, हा प्रश्न मुंबईच्या आड आला नाही. मुंबईतल्या गोमंतकीयांनी 1919 मध्ये गोवा हिंदू असोसिएशन काढली, ख्रिस्ती गोमंतकीयांनी धोबीतलावाकडे गावोगावचे कूड, म्हणजे गाववाल्यांची सामाईक निवासस्थाने, चालवले. ही माणसे गाव विसरली म्हणून मुंबईची झाली नाहीत; दोन्ही नाती त्यांनी एकाच वेळी सांभाळली. देवळाची महाजनकी तर वंशाने चालते, परगावी राहिल्याने ती सुटत नाही. चवथीला बंद घराचे दार उघडणाऱ्या मुंबईकर भावाचे आपण कौतुक करतो. मग ओडिशाचा किंवा झारखंडचा कामगार सणाला गावी गेला, तर तीच ओढ बेइमानी कशी ठरते? 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मजुराच्या जाण्यायेण्याचे भाडे कंत्राटदारावर टाकले होते. गावाची ओढ कायद्यालाही गैर वाटली नव्हती.

गोवा चिमुकला आहे, लोंढ्यांपुढे तो टिकणार नाही, हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. मोपाचा विमानतळ डिसेंबर 2022 मध्ये झाला आणि पेडण्यातल्या जमिनीकडे साऱ्या देशाचे डोळे लागले. पण डोंगर कापून वसाहत उभारण्याचा निर्णय विटा वाहणारा मजूर घेत नाही. जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी तो मागत नाही आणि देतही नाही. जमीन घेऊन कुलूप लावणाऱ्या धनिकाची ओढ ना आपल्या गावाकडे असते ना आपल्या सणाकडे. त्याचे लक्ष असते जमिनीच्या भावाकडे. जमिनीची लढाई नगरनियोजन खात्याच्या दारात लढायची असते. ती भाड्याच्या खोल्यांसमोर नेली, की खरे गिऱ्हाईक आणि त्याला जमीन विकणारा स्थानिक, दोघेही सुखरूप सुटतात.

दुसरा आक्षेप परप्रांतीयांच्या मतांचा. याचा निकाल एका अर्थाने 1967 च्या जनमत कौलाच्या वेळीच लागला. मुंबईसह बाहेरच्या गोमंतकीयांनाही मत देऊ द्यावे, अशी मागणी डॉ. जॅक सिक्वेरा यांनी केली होती. ती मान्य झाली नाही. महाराष्ट्रातले विलीनीकरण 34,021 मतांनी फेटाळले गेले, ते इथे राहणाऱ्यांच्या मतांनी. मत राहत्या जागेवरून मिळते हे तत्त्व तेव्हा चालले, तर आजही चालले पाहिजे. मात्र ते दोन्ही बाजूंनी पाळावे: गावच्या यादीत नाव ठेवून इथेही नोंदवणाऱ्याचे एक नाव निघालेच पाहिजे, मग तो कोणाचाही मतदार असो.

आणि परका म्हणायचे तरी कोणाला? तिळारी धरणासाठी सीमेपलीकडे महाराष्ट्रात दोडामार्गातल्या कुटुंबांनी घरेदारे सोडली. त्या धरणाचे पाणी पेडणे-डिचोलीच्या शेतात येते. तिथला मुलगा कामासाठी सीमा ओलांडून आला, तर तो उपरा आणि पाणी मात्र आपले, हा हिशेब जुळत नाही. आपल्यातलेही हजारो जण आजा-आजी 1961 पूर्वी इथे जन्मले, या आधारावर पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इंग्लंडला गेले. तिथे त्यांना कोणी उपरे म्हटले, तर ते आपल्याला झोंबते. झोंबायलाही हवे. म्हणूनच ग्रामसभांत जमीन, पाणी आणि मतदारयादी यांवर जरूर भांडावे, पण मजुराच्या गावच्या ओढीचा गुन्हा करू नये. जे माप आपल्या परदेशी गेलेल्या मुलांना लागावे असे वाटते, तेच इथे आलेल्यांना लावणे हाच खरा न्याय.