नियत मॅनिटोबाची, तिकीट टोरंटोचं

इंजिनिअरिंगच्या एका जुन्या मित्राचा परवा फोन आला. मॅनिटोबा प्रांताच्या नॉमिनेशनवर त्याला कॅनडाचा पीआर मिळालाय. म्हणाला, "विनिपेगला उतरायचं, आठवडाभर थांबायचं आणि टोरंटो गाठायचं. सगळे हेच करतात. कायद्याने अडत नाही ना?"

पीआर हातात आल्यावर कायदा कुणाला एका प्रांताला बांधून ठेवत नाही. कॅनडाच्या १९८२च्या चार्टरमधलं सहावं कलम नागरिकांसोबत पीआरधारकांनाही कोणत्याही प्रांतात राहण्याचा आणि रोजगार मिळवण्याचा हक्क देतं. हा हक्क मला मोलाचा वाटतो. आपल्या संविधानाचं कलम १९ आपल्यालाही देशात कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य देतं. नाव ऐकून ज्यांना भाड्याचं घर नाकारलं गेलंय, त्यांना या स्वातंत्र्याची किंमत वेगळी सांगायला नको. म्हणून लोकांना प्रांतात जबरदस्तीने डांबा, असं मी म्हणणार नाही.

पण मित्राने अर्जात काय लिहून दिलं होतं? मी मॅनिटोबातच राहणार. त्या शब्दावर प्रांताने त्याला निवडलं. एक्स्प्रेस एंट्रीतून जाणाऱ्याला अशा नॉमिनेशनचे ६०० गुण मिळतात, म्हणजे बोलावणं जवळपास पक्कंच. प्रत्येक प्रांताच्या वाट्याला वर्षाला ठरावीकच नॉमिनेशन येतात. एक जागा मित्राने घेतली, तेव्हा रांगेतला दुसरा कुणीतरी मागे राहिला. कदाचित तो खरंच विनिपेगला संसार थाटणार होता.

ऑस्ट्रेलियाने ४९१ व्हिसात सरळ अटच घातली आहे: सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून ठरलेल्या भागातच राहायचं. कॅनडाने ही गोष्ट बरीचशी आपल्या जबानवर सोडली. जिथे पहारा नाही, तिथेच इमान कळतं.

करार पाळा, ही आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. हुदैबियाचा करार होत असताना अबू जंदल (र.) बेड्यांसह मुस्लिमांकडे आले. सहाबांची मनं तुटत होती, तरी प्रेषितांनी (स.) दिलेला शब्द मोडला नाही. आपल्याला तर फक्त थंडी सोसायची आहे.

याला दुसरी बाजूही आहे. प्रामाणिकपणे गेलात, महिनोन्‌महिने अर्ज केले, पण तुमच्या कामाची नोकरीच तिथे नाही, तर घर चालवण्यासाठी दुसरीकडे जाण्यात गुन्हा नाही. माणसं टिकवायची तर प्रांतानेही परदेशी पदव्यांना मान्यता आणि कौशल्याला साजेसं काम द्यायला हवं. नियत साफ असताना परिस्थितीने हलवणं वेगळं आणि अर्ज भरतानाच टोरंटोत खोली बघून ठेवणं वेगळं. दुसऱ्याला खोटं म्हणतात. कॅनडाच्या कायद्यातही खोट्या माहितीसाठी पाच वर्षं प्रवेशबंदीची तरतूद आहे.

आणि लहान शहरात काही नसतं, असं समजू नका. कॅनडातली पहिली मशीद, अल-रशीद, १९३८ मध्ये टोरंटोत नाही, एडमंटनमध्ये उभी राहिली. तिथे थांबलेल्या मूठभर कुटुंबांनी ती उभी केली.

मित्राला मी एवढंच म्हणालो: आधी विनिपेगला मनापासून नोकरी शोध. जायचंच नसेल, तर ज्या प्रांतात राहायचंय त्याचाच अर्ज भरायचा होतास. तुझ्यामागून अर्ज करणाऱ्या आपल्या पोरांचा भरोसा तुझ्या सहीवर टिकून आहे.