विश्लेषण : फिरत्या खेळपट्टीवर पाहुणे फलंदाज टिकतात कसे?

खालापूरच्या टोलनाक्यावरून एक वाट मुंबईत वानखेडेकडे जाते, दुसरी घाट चढून पुण्याजवळच्या गहुंज्याला. या दोन मैदानांवर भारताला फिरकीच्याच जोरावर हरवून गेलेले पाहुणे संघ आहेत. २०२४ मध्ये न्यूझीलंडने तर आठवडाभराच्या अंतराने दोन्हीकडे बाजी मारली. तेव्हा 'खेळपट्टी खराब होती' एवढ्यावर विषय संपवणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही.

चेंडू एवढा वळतो कशामुळे?

पाणी आणि रोलिंग कमी मिळालेली खेळपट्टी लवकर कोरडी पडते, तिचा वरचा थर सुटतो आणि चेंडूला पकड मिळते. लाल मातीत उसळी जास्त असते. वानखेडेची खेळपट्टी तशीच आहे. काळ्या मातीवर चेंडू थांबून येतो आणि बऱ्याचदा खाली राहतो. त्यामुळे वानखेडेवर बॅट-पॅडच्या झेलाची भीती अधिक, तर काळ्या मातीवर पायचीत आणि त्रिफळ्याची.

विकेट जाते कुठे?

अनेकदा न वळलेल्या चेंडूवर. फेब्रुवारी २०१७ मध्ये गहुंज्यात स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले आणि भारत १०५ व १०७ धावांत गारद झाला. फलंदाज वळणासाठी खेळत होते आणि सरळ आलेले चेंडू घात करत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथेच मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले. पहिल्या डावात विराट कोहली तर फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला. त्याआधी चेंडू किती वळेल, हा संशय मनात पेरला गेला होता.

यशस्वी पाहुण्यांनी काय केले?

२००१ मध्ये वानखेडेवर भारताच्या १७६ धावांसमोर ऑस्ट्रेलियाची अवस्था ५ बाद ९९ होती. मॅथ्यू हेडनने ११९ आणि अॅडम गिलख्रिस्टने १२२ धावा करून सामना उलटवला. हेडनचे मुख्य हत्यार स्वीप होते. ते त्याने दौऱ्याआधीच घासून घेतले होते. तीन कसोटींच्या त्या मालिकेत त्याने ५४९ धावा केल्या.

नोव्हेंबर २०१२ मध्ये केविन पीटरसन अहमदाबादला १७ आणि २ धावांवर बाद झाला, दोन्ही वेळा प्रग्यान ओझाने त्याचा त्रिफळा उडवला. पुढच्याच कसोटीत वानखेडेवर त्याने १८६ धावा केल्या. दुसऱ्या टोकाला अॅलिस्टर कुकने संयमाने १२२ काढल्या. एक आक्रमक, दुसरा चिवट. पण दोघांचेही ठरलेले होते. इंग्लंड दहा गडी राखून जिंकले.

मग सूत्र काय?

पाय एक तर पूर्ण पुढे, नाही तर पूर्ण मागे. अर्धवट पाऊल टाकणारा फलंदाज ना टप्पा गाठतो, ना वळणाला वेळ देतो. दुसरे, बचाव करताना हात सैल ठेवायचे आणि बॅट पॅडच्या फार पुढे न्यायची नाही. म्हणजे कड लागली तरी चेंडू क्षेत्ररक्षकापर्यंत उडत जात नाही. तिसरे, धाव घेण्याचा एक भरवशाचा मार्ग हवा : स्वीप, पुढे सरसावणे किंवा मागे जाऊन कट. तो नसेल, तर क्षेत्ररक्षक जवळ सरकत जातात आणि गोलंदाज एकाच जागी चेंडू टाकत राहतो. मात्र उसळी बेभरवशाची असेल तर स्वीप करताना जपावे लागते.

हे सारे सामन्याच्या सकाळी शिकता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये वानखेडेवर १४७ धावांचा पाठलाग करताना भारत १२१ धावांत बाद झाला. एजाज पटेलने सामन्यात ११ बळी घेतले. ऋषभ पंतने मात्र त्याच खेळपट्टीवर ६० आणि ६४ धावा केल्या. घरच्या मैदानावर खेळत असतानाही बाकीचे बहुतेक फलंदाज पाहुण्यासारखे चाचपडले.

कर्जत-खालापूरच्या मुलांना यातून काय घेता येईल?

भातकापणी झाल्यावर मोकळ्या शेतात टेनिस चेंडूचे सामने रंगतात. तिथे आडव्या बॅटने चेंडू सीमापार घालवणाऱ्याला टाळ्या मिळतात. पण कर्जतहून लोकल पकडून मुंबईच्या मैदानावर सीझन बॉल खेळायला जाणारा मुलगाही तिथे पाहुणाच असतो. त्याच्यासाठी महागडी सोय लागत नाही. सरावाच्या जागी टप्प्याचा पट्टा मुद्दाम खडबडीत ठेवावा, फिरकीपटूला त्यावरच चेंडू टाकायला सांगावे आणि अर्धा तास फक्त पाऊल व हात पाहावेत. प्रशिक्षकांनी षटकारासोबत नीट सोडलेल्या चेंडूचेही कौतुक करावे.

खेळपट्टी दोन्ही संघांना सारखीच मिळते. फरक पडतो तो घरून काय तयारी करून आलो, याने.