संथ म्हणजे रटाळ नव्हे! भजन स्पर्धेत विलंबित लयीलाही वेळ द्या

दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की भंडारा जिल्ह्यातील गावे दंडार, खडी गंमत आणि नाटकांनी रात्रभर जागतात. भजन मंडळांची खंजिरी तर वर्षभर वाजते. मात्र स्पर्धेचा मंच आला की अनेकदा भजन थेट द्रुत लयीत सुरू होते. वेळ कमी आणि टाळ्या हव्यात, मग कात्री लागते ती संथ सुरुवातीला. ही सवय बदलायला हवी.

विलंबित म्हणजे काय?

लय म्हणजे दोन मात्रांमधले अंतर. ते वाढले की लय विलंबित, कमी झाले की द्रुत. पाश्चात्त्य संगीतात संथ लयीसाठी इटालियन शब्द आहेत. ‘लार्गो’ म्हणजे ऐसपैस, ‘ग्रावे’ म्हणजे गंभीर, भारदस्त आणि ‘अदाजो’ म्हणजे निवांत. १८१५ मध्ये मेल्त्सेल यांनी मेट्रोनोमचे पेटंट घेतले आणि लय आकड्यांत मोजता येऊ लागली. तरीही हे शब्द टिकले, कारण ते वेगासोबत भावही सांगतात.

यंत्रापेक्षाही संथ

जुन्या मेट्रोनोमवरचा सर्वांत संथ आकडा सहसा ४० असतो, म्हणजे दीड सेकंदाला एक ठोका. आपले ख्यालगायन त्याही पलीकडे जाते. उस्ताद अमीर खाँ १४ मात्रांच्या झुमऱ्यात अतिविलंबित गात. १२ मात्रांच्या एकतालात एक मात्रा ४ सेकंदांची धरली, तर समेवर परतायला ४८ सेकंद लागतात. तेवढ्यात मोबाइलवर दोन-तीन रील्स सरकून जातात.

खरी परीक्षा इथेच

द्रुत लयीत लहानसहान चूक झाकली जाते. विलंबित लयीत मात्र सूर डळमळला, श्वास तुटला की लगेच कळते. तबलजीलाही दोन ठोक्यांमधले अंतर सांभाळावे लागते. ऐकणाऱ्याला शब्द नीट कळतात ते इथेच. भजनात तर शब्दच मुख्य. अर्थ पोहोचण्याआधी ठेका धावू लागला, तर उरतो तो फक्त गजर.

काय करता येईल?

आयोजकांनी प्रत्येक मंडळाला दोन मिनिटे वाढवून द्यावीत आणि संथ गायनाला वेगळे गुण ठेवावेत. त्यासाठी नवा खर्च लागत नाही. द्रुत लयीची रंगत हवीच. पण संथ सुरुवात झाली तरच ती चढत जाते.