प्रगतिपुस्तक घरात वाचता आले पाहिजे



या पानावर आम्ही बेण्याची निवड, खोडव्याची निगा, खताचे हप्ते यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय वेगळा आहे, पण तो आपल्या घरचाच आहे. आपल्या भागातील काही शाळांनी मुलांची प्रगतिपुस्तके संगणकावर तयार करावयाचे ठरविले आहे. सॉफ्टवेअर विकणारा माणूस येतो, पडद्यावर पाच-सात रंगीत नमुने दाखवितो आणि ‘यातला कोणता ठेवू?’ असे विचारतो. शाळा व्यवस्थापन समितीवर असलेले आपले दोन सभासद गट ऑफिसात आले होते. म्हणाले, ‘‘साहेब, आमाले यातलं काय समजते जी? गुरुजी म्हणतील तिथं सही करून टाकतो.’’

आमचे म्हणणे असे की, एवढ्या घाईने सही करू नये. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात विनाअनुदानित सोडून इतर शाळांच्या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे सांगितले आहे. ही माणसे नुसती खुर्च्या भरायला घेतलेली नाहीत. प्रगतिपुस्तक शेवटी ज्याच्या घरी जाते, त्याने ते कसे असावे हे सांगायला हवे.

याचा एक अनुभव शेतीत आपण घेतलेला आहे. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. पत्रिकेत बारा घटकांचे आकडे. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि पुढे गंधक, जस्त, लोह वगैरे. कितीतरी सभासदांनी ती पेटीत ठेवून दिली. ज्यांनी खाली दिलेली खताची शिफारस कोणाकडून तरी समजून घेतली, त्यांनाच तिचा उपयोग झाला. प्रगतिपुस्तकाचेही असेच आहे. पुढे काय करावे हे ज्यातून कळत नाही, तो कागद पेटीतच जायचा.

आता नमुना पाहताना काय पाहावे ते सांगतो.

पहिली गोष्ट, हिशेब. आपल्या राज्यात २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी आकारिक आणि संकलित असे दोन प्रकारचे मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० आणि संकलितचा ३०. सातवीपर्यंत तोच ४० आणि ६० होतो. श्रेणी अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ. पुढे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. बाहेरून तयार आलेला एकच नमुना सगळ्या वर्गांना लावला, तर छपाई सुबक आणि बेरीज चूक असा प्रकार होईल. इयत्तेप्रमाणे भार बदलता येतो का, हे विचारावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रक सुचविले आहे, म्हणजे रकाने आणखी बदलणार. ते शाळेला स्वतः बदलता यावेत, दर वेळी कंपनीला पैसे मोजावे लागू नयेत.

दुसरी गोष्ट, दोन्ही सत्रे शेजारी-शेजारी हवीत. उसाची पक्वता पाहताना आम्ही ब्रिक्स एकाच जागी मोजत नाही. बुडख्याचा आणि शेंड्याचा आकडा घेतो. दोहोंतला फरक कमी झाला म्हणजे ऊस तोडीला आला. एकूण टक्केवारीच्या एका आकड्यात मूल गणितात चढले आणि भाषेत उतरले, हे झाकून जाते. वर्गातल्या नंबराचा रकाना मात्र नसला तरी चालेल. एकरी वीस टनांवरून तीसवर गेलेल्या सभासदाला स्पर्धेत बक्षीस मिळत नाही, म्हणून त्याची मेहनत खोटी ठरत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या घरची आहे. आमच्या मुलीला एका चाचणीच्या वेळी ताप होता. तिच्या शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘गैरहजर’ लिहावयाची सोयच नव्हती, म्हणून त्या विषयापुढे शून्य छापून आले. पोरीने प्रगतिपुस्तक चार दिवस दप्तरातून बाहेर काढले नाही. आम्हीही कारण न विचारता आधी रागावलो. त्याचे आजही वाईट वाटते. दुरुस्तीला गेलो, तर नोंद बंद झाली आहे, कंपनीला फोन करावा लागेल, असे उत्तर मिळाले. ते शून्य पुढच्या सत्रापर्यंत तसेच राहिले. म्हणून गैरहजर आणि शून्य वेगळे छापले जाते का, आणि चूक मुख्याध्यापकांना शाळेतच सुधारता येते का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चौथी गोष्ट, शेरा. सॉफ्टवेअरमध्ये तयार वाक्यांची यादी असते. ‘प्रगती समाधानकारक’ हे वाक्य निवडले की वीस मुलांना तेच छापून जाते. त्याऐवजी ‘हातच्याची वजाबाकी चुकते, घरी रोज पाच उदाहरणे करून घ्या’ असे लिहिले, तर आईबापाला काम कळते. गुरुजींवर आधीच नोंदींचा आणि ऑनलाइन माहितीचा भार आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून प्रत्येक विषयाला नको. सत्रात प्रत्येक मुलामागे गुरुजींच्या मनातले एक वाक्य पुरे. बेरीज यंत्राने करावी, ते एक वाक्य माणसाने लिहावे. त्यासाठी नमुन्यात मोकळी जागा हवी आणि अक्षर मराठी, ठळक हवे.

नवे वाण आम्ही एकदम एकरभर लावा म्हणत नाही, आधी चार गुंठे लावून पाहा म्हणतो. तसेच इथे करावे. चार मुलांचे गुण भरून, शाळेच्या साध्या काळ्या-पांढऱ्या छपाईत तो नमुना काढून घ्यावा आणि घरी न्यावा. मुलाच्या आईला किंवा आजीला द्यावा. पोरगं कशात मागे आहे आणि दिवाळीपर्यंत काय करून घ्यायचे, एवढे त्यांना सांगता आले, तर नमुना चांगला. नाही आले, तर दुसरा दाखवा म्हणावे.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात आणि तेव्हाच पऱ्हे टाकण्याची गडबड असते. रोवणी लागली की कोणालाच सवड नसते. समितीची सभा त्याआधी मागून घ्या, आणि घरातल्या बायामाणसांना सोबत न्या. वजनकाट्याची पावती आपण दोनदा वाचून खिशात ठेवतो. पोराच्या पावतीकडेही तेवढेच लक्ष द्यावे, इतकीच विनंती.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी