सप्रेम भेट

ग्रंथाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लेखकाने स्वहस्ते लिहिलेले ‘सप्रेम भेट’ हे दोन शब्द पुष्कळांना क्षुल्लक वाटतात. वास्तविक छापील मजकूर आवृत्तीच्या सर्व प्रतींत सारखाच असतो. लेखकाचा स्नेह कोणावर होता, हे मात्र त्या एकाच प्रतीवरून कळते.

अशा स्नेहाचे मराठीवर मोठे ऋण आहे. १९४२ साली कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा काव्यसंग्रह वि. स. खांडेकरांनी स्वखर्चाने प्रसिद्ध केला. कवी अवघ्या तिशीचा, खांडेकर नामवंत कादंबरीकार! पुढे १९७४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक खांडेकरांना आणि १९८७ सालचे कुसुमाग्रजांना मिळाले. परंतु १९४२ साली हे भविष्य कोणास ठाऊक होते? म्हणूनच त्या पहिल्या आवृत्तीचे मोल बाजारभावाने ठरत नाही.

बीड जिल्ह्यातील चौसाळ्यासारख्या गावी असे ग्रंथ कोठून येणार, असे कोणी म्हणेल. पण शिक्षकाच्या पेटीतून, पाहुण्याच्या भेटीतून, क्वचित रद्दीतूनही ग्रंथ दूरवर पोहोचतात. खरे भय असते बांधणीचे. जीर्ण पुस्तक नव्याने बांधताना पहिले पान फाडले जाते, नाहीतर पुठ्ठ्याला चिकटवले जाते. ते पान शिलाईत घेण्यास बांधणाऱ्याला आधीच सांगावे. त्याला खर्च पडत नाही.