ढगाचा तळ मोजला कोणी?

जुलै कोरडा जाऊ लागला की भडगाव तालुक्यातल्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, ढग रोज येतस, पानी काबर पडत नही?" विचारणाऱ्याने कपाशी लावलेली असते, बियाण्याची पिशवी उधारीवर आणलेली असते आणि दुबार पेरणी दारात उभी असते. त्याच सुमारास वर्तमानपत्रात बातमी येते, विमान येणार आणि ढगांतून पाऊस पाडणार. बैठकीचा सूर लगेच बदलतो. विमान आपल्या तालुक्यात कधी, एवढीच चर्चा उरते.

आमचे म्हणणे असे की विमान मागण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा. आपल्या डोक्यावरच्या ढगाचा तळ जमिनीपासून किती उंचीवर आहे?

हा प्रश्न पंडितांचा नाही, कोरडवाहू शेतकऱ्याचा आहे. हवा वर चढते, थंड होते आणि ज्या उंचीवर तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात तिथे ढगाचा तळ असतो. तळ खाली असला तर थेंबाला जमिनीपर्यंतचा प्रवास थोडा. तळ वर असला आणि खालची हवा कोरडी असली तर बारीक थेंब वाटेतच सुकतात. दुरून सरी लोंबताना दिसतात आणि शेतातली ढेकळे मात्र कोरडीच राहतात.

हा तळ मोजण्याचे यंत्र आहे. जमिनीवर ठेवलेली एक पेटी लेझर किरणांचे झटके सरळ वर सोडते. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश ढगाच्या थेंबांवर आपटतो आणि त्यातला थोडासा परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला यावरून उंची कळते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. तळ दीड किलोमीटरवर असेल तर जाण्यायेण्याचे अंतर ३ किलोमीटर, म्हणजे वेळ लागला सेकंदाचा एक लाखावा भाग. विमानतळांवर अशी यंत्रे वैमानिकांसाठी असतात. विमान उतरवताना ढग किती खाली आहे हे वैमानिकाला कळलेच पाहिजे, आणि ते योग्यच आहे. मग पेरणी करणाऱ्याला ते का कळू नये?

डोंगरात हे मोजमाप अवघड होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर, ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली. जागा निवडण्याचे कारण सोपे आहे. पावसाळ्यात तिथे ढग आपण होऊन दारात येतो. पण अशा ठिकाणी ढगाचा तळ पुष्कळदा यंत्राच्याही खाली, दरीत असतो. ढगातच बसलेल्या पेटीला तळ कसा दिसणार? दाट धुक्यात आणि जोराच्या पावसात लेझर लवकर विरतो. म्हणून डोंगरावर एका यंत्राच्या भरवशावर राहता येत नाही. रडार, पर्जन्यमापक आणि लेझर एकत्र वाचावे लागतात.

दुसरी गोम उंचीच्या हिशेबात आहे. लेझर सांगतो ती उंची यंत्रापासूनची असते, समुद्रापासूनची नव्हे. महाबळेश्वरला तळ १०० मीटरवर दिसला तर समुद्रसपाटीपासून तो १,४५० मीटर झाला. तोच ढग त्याच पातळीवर भडगावावर आला असे धरले, तर आपल्या जमिनीपासून तो हजार मीटरच्याही वर राहील. शिवाय घाटावर वारा डोंगराला धडकून वर चढतो आणि ढग बनतो. घाट ओलांडून तो खाली उतरू लागला की हवा तापते आणि ढग विरतो. डोंगरावरचा आकडा खानदेशाच्या कपाळी चिकटवता येत नाही. गिरणा धरण सह्याद्रीकडच्या पावसावर भरते हे खरे. पण आपली कोरडवाहू कपाशी आणि ज्वारी गिरणेच्या उगमावरच्या नव्हे, शेतावरच्या ढगावर जगते.

आता विमानाकडे वळू. याच संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात बारामती भागात अकरा हंगाम ढगांत मीठ फवारून पाहिले. पाऊस सुमारे २४ टक्के वाढल्याचा निष्कर्ष निघाला. २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर भागात २७६ ढग निवडले. काहींत फवारणी केली, काही मुद्दाम तसेच सोडले आणि मग तुलना केली. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला. हे काम प्रामाणिक आहे, कारण न फवारलेल्या ढगांचाही हिशेब ठेवला आहे. पण त्यातली अट नीट वाचा. मिठाच्या नळकांड्या जाळल्या त्या ढगाच्या तळाशी, जिथून हवा वर ओढली जाते तिथे. तळ नाही, चढती हवा नाही, तर फवारणी कशात? आणि शून्याचे १८ टक्के शून्यच होतात.

खर्चही पाहू. सोलापूरच्या प्रयोगात पाण्याचा खर्च लिटरला १८ पैसे निघाला. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. त्याचे झाले १,८०० रुपये. २५ मिलिमीटरची एक पाळी द्यायची तर हेक्टरी ४५ हजार! कोरडवाहू ज्वारी सोडाच, कपाशीलाही हे पाणी झेपणार नाही. पैसा सरकारी तिजोरीतला म्हणून हिशेब करायचा नाही, असे थोडेच आहे?

राज्य शासनाने २००३, २०१५ आणि २०१९ साली कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. तिन्ही वेळा बातम्या उड्डाणांच्या आल्या. किती ढगांचे तळ किती उंचीवर होते, किती ढग न फवारता सोडले, जमिनीवर किती पाणी पडले, हा तपशील आपल्या बैठकीपर्यंत पोचला नाही. आकडे ज्याच्या हातात, निर्णय त्याच्या हातात. आपल्या हातात फक्त वर बघणे.

ते बदलता येते, आणि सुरुवात गावातच करता येते. ओला आणि कोरडा असे दोन तापमापक घ्या. त्यांच्या नोंदीवरून तक्त्यात दवबिंदू काढा. तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या दर अंशाला सुमारे १२५ मीटर धरा. तापमान ३३ अंश आणि दवबिंदू २३ अंश असेल, तर फरक १० आणि तळ सुमारे १,२५० मीटर. दुपारी जमीन तापून उठणाऱ्या, पिंजलेल्या कापसासारख्या ढगांना हा हिशेब लागू पडतो. उंचावरच्या पातळ थरांना नाही. चाळीसगावकडचे भाऊ पाटणादेवीच्या डोंगराला ढग टेकले का तेही वहीत लिहू शकतात. त्याच पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. मोजणे खानदेशाला परके नाही.

जिल्हा बैठकीपुढे तीन ठराव ठेवत आहोत. एक, ढगाचा तळ मोजणारे लेझर यंत्र धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात बसवावे. दोन, त्याची रोजची नोंद पर्जन्यमानासोबत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. तीन, फवारणीचे विमान उडाले तर ढगांची, तळाच्या उंचीची आणि न फवारलेल्या ढगांची नोंद हंगाम संपताच जाहीर व्हावी.

येताना प्रत्येक गावाने जूनपासूनची आपली पावसाची वही आणावी. वही नसेल तर कोरी आणावी. पहिली नोंद बैठकीतच करू.